मंगळवारी वेरूळला गेलेली माणसं

यंदा दिवाळीच्या सुट्टीत कोकणात नाही, छत्रपती संभाजीनगरला जायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा चिनूने, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या मुलाने, एकच प्रश्न विचारला, "तिथे समुद्र आहे का?" नाही म्हटल्यावर त्याचा सहलीतला रस संपला. दहा वर्षांच्या गार्गीने काहीच विचारलं नाही. तिला खरं कारण माहीत होतं.

तुम्हालाही सांगून टाकते. माझा नवरा उमेश तिकडचाच. मुकुंदवाडीत खोली घेऊन शिकला, नोकरीसाठी पुण्याला आला आणि माझ्याशी लग्न करून चिंचवडला अडकला. आता त्याच शहराजवळच्या वाळूजच्या एका कंपनीने त्याला बोलावलं होतं. जागा वरची, काम आवडीचं. पण त्यासाठी आम्ही सगळ्यांनी बिऱ्हाड हलवायचं, आणि गार्गीने शाळा आणि बालवाडीपासूनची मैत्रीण सोडायची. एके दिवशी जेवताना उमेश तिला म्हणाला, "तू ये, शहर बघ. आवडलं तर जाऊ. तू नाही म्हणालीस तर विषय संपला." काय हे लोकशाहीवादी आईबाप, असं आम्हालाच आमचं कौतुक वाटलं. कंपनीला उत्तर द्यायचं होतं सहलीनंतरच्या सोमवारी.

आणि मी? माझी आई पलीकडच्याच गल्लीत राहते, माझं काम घरून चालतं, भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळं माझ्या मनासारखं लागलेलं आहे. गार्गी नाही म्हणणार याची मला खात्री होती आणि मला तेच हवं होतं.

एक अट मात्र सर्वांनी मान्य केली होती. देवगाव रंगारीला उमेशची थोरली बहीण, सुमनअक्का, राहते. भाऊ परत येतोय असा नुसता वास लागला असता तरी तिने तालुकाभर पेढे वाटले असते. म्हणून गुपचूप जायचं, गुपचूप यायचं. भाऊबीजेलाही उमेशने "कामं आहेत" म्हणून फोनवरूनच ओवाळणी धाडली होती.

रविवारी उजाडायच्या आत निघालो. मुलांना घेऊन जाणार असाल तर तुम्हीही तसंच करा, कारण शिरूरपर्यंतची वाहतूक माणसाची परीक्षा बघते. पुढे रस्ता मोकळा. सुप्याच्या पुढे नाश्ता केला, अहिल्यानगर बाहेरूनच ओलांडलं आणि नेवासा फाट्यानंतर प्रवरासंगमला थांबलो. इथे प्रवरा गोदावरीला मिळते. घाटावर पाय बुडवून बसता येतं, चिनूने तेवढ्यावर समुद्राची तहान भागवली. पूल ओलांडला आणि माझ्या नवऱ्याची जीभ सुटली. पुण्यात "इथे, तिथे" करणारा माणूस टोलनाक्यावरच्या पोराला "लई ऊन हाय रं आज" म्हणाला. गार्गी मागच्या सीटवरून त्याच्याकडे बघतच राहिली. एरवी ती त्याला सुधारते, या वेळी काही बोलली नाही.

मुक्काम रेल्वे स्टेशनच्या भागात होता. तिथे प्रत्येकाच्या खिशाला झेपेल असं हॉटेल मिळतं. दुपारी मुलांना झोपवायचा बेत फसला, म्हणून उमेशने दरवाजांचा खेळ काढला. हे बावन्न दरवाजांचं शहर. आता सगळे उरले नाहीत, पण रस्त्यात मधेच एखादी दगडी कमान उभी असते आणि तिच्या पोटातून रिक्षा, टेम्पो, शाळेची बस असं सगळं खुशाल जातं. जो दरवाजा आधी बघेल त्याला एक गुण. भडकल, मकई, दिल्ली, रोशन... चिनूने एका मंगल कार्यालयाच्या कमानीवरही गुण मागितला आणि रडून मिळवला. या शहरात मुलांना रमवायचा इतका स्वस्त आणि मस्त उपाय दुसरा नाही.

पाणचक्की लहान मुलांना हमखास आवडते. लांबच्या डोंगरातून जमिनीखालच्या नळांतून पाणी आणलेलं, ते उंचावरून हौदात पडतं आणि त्याच्या जोरावर जातं फिरतं. वीज नाही, मोटर नाही. चिनू हौदातल्या माशांपाशी असा काही रमला की त्याला उचलून बाहेर आणावं लागलं. तिथून बीबी का मकबरा जवळच. उन्हं कलल्यावर जा, फरशी तापलेली नसते. तिकीट माफक आहे आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागतच नाही. मकबरा समोर दिसताच चिनूने विचारलं, "हे ताजमहालाचं पिल्लू आहे का?" मागचे एक आजोबा इतके हसले की त्यांची टोपी पडली.

"गार्गी, कसं वाटलं?" उमेशने विचारलं.

"छान आहे."

पाणचक्की? छान आहे. दरवाजे? छान आहेत. रात्री जुन्या गावात नान-खलिया खायला गेलो. तिथली पिवळसर, खरपूस नान ताटाबाहेर येते, सोबत मटणाचा लाल रस्सा. एक ताट दोघांना पुरतं. मी आचाऱ्याला म्हटलं, मुलांना जरा कमी तिखट द्या. तो गंभीरपणे म्हणाला, "तिखा नक्को, मॅडम? फिर बच्चों को कायको लाए? दहीभात घरपेच खिलाते." तरी त्याने वेगळ्या वाटीत वरचा तवंग काढून रस्सा दिला. चिनूने वाटी चाटली. गार्गीने निम्मी नान खाल्ली आणि तिला विचारायच्या आतच म्हणाली, "छान आहे."

मला हसू आलं. पोरगी परीक्षकासारखी वागतेय, असं वाटलं. तिचा चेहरा उतरलाय हे दिसत होतं, पण मी म्हटलं, प्रवासाचा शीण असेल.

सोमवारी दौलताबाद. अजिंठा सोमवारी बंद असतो हे मी घरूनच तपासलं होतं, आणि दोन लहान मुलांना घेऊन तेवढं लांब नकोच म्हणून तो या खेपेला गाळला. बाकी सगळ्या ठिकाणांच्या वेळा मी तपासल्या होत्या. एक वेरूळ सोडून. वेरूळचं नाव काढलं की उमेश म्हणायचा, "अगं, ते आमचं घरचं."

दौलताबादला सकाळी लवकर जा, पाणी जास्त न्या, पायऱ्या मोजू नका. पायथ्याशी सीताफळांच्या टोपल्या घेऊन बायका बसलेल्या असतात. उतरताना घ्या, चढताना घेतलीत तर ती तुम्हालाच वर वाहावी लागतात. चिनूला मेंढ्याच्या तोंडाची तोफ आवडली. पण मुलांसाठी खरी गंमत आहे अंधारीत, म्हणजे डोंगराच्या पोटातून वर जाणाऱ्या काळ्याकुट्ट वाटेत. वटवाघळांचा वास येतो, तेवढं सोसायचं. आमच्या वाटाड्याने ऐन मध्यावर टॉर्च विझवला आणि घुमवून सांगितलं, "दुश्मन यहाँ तक आया, तो समझो आया सो आया. पीछे जाने का रस्ताच नै मिलता था उसको."

अंधारात गार्गीचा हात माझ्या हातात आला. तळवा घामाने ओला होता. "आई," ती हळूच म्हणाली, "एकदा ठरवलं की बदलता येत नाही ना?"

मला वाटलं ती किल्ल्याबद्दल बोलतेय. मी म्हटलं, "नाही गं, उजवीकडे वळलं की बाहेर." टॉर्च लागला आणि आम्ही वर निघालो.

आणि मग आला मंगळवार. आवरून, डबे भरून, खुलताबादचा घाट ओलांडून आम्ही वेरूळच्या फाटकापाशी पोचलो. गाडीतळ रिकामा. "बघ, लवकर आल्याचा फायदा," उमेश म्हणाला. फाटकाला कुलूप होतं. आतला रखवालदार सावकाश आला.

"मंगळवारी बंद ऱ्हातंय, साहेब."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. बोर्ड हाय की."

बोर्ड होता. चांगला ठळक होता. मी उमेशकडे पाहिलं. मला खूप बोलायचं होतं, पण मुलं होती म्हणून मी फक्त "घरचं ना?" एवढंच विचारलं.

तेव्हा खरी गोष्ट बाहेर पडली. हा गृहस्थ लेण्यांत आयुष्यात एकदाच, शाळेच्या सहलीत गेलेला. त्यांच्या घरचे वेरूळला वर्षातून चारदा यायचे, पण कसे? एस्टीतून उतरायचं, घृष्णेश्वराचं दर्शन, प्रसाद, परतीची एस्टी. लेणी पाहुण्यांनी बघायची. आणि देवाला काही साप्ताहिक सुट्टी नसते, त्यामुळे मंगळवारचं त्यांना काय ठाऊक असणार! नंतर मी तिकडच्या आणखी काही जणांना विचारलं. दर्शन सगळ्यांनी घेतलेलं, कैलास लेणं निम्म्यांनीही नीट बघितलेलं नाही.

मग आम्हीही घृष्णेश्वरालाच गेलो. गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढून जावं लागतं, हे कळल्यावर चिनूने तो रांगेतच काढला आणि डोक्यावर फिरवत नाचला. बाहेर बेलफुलं विकणारी बाई उमेशकडे निरखून पाहत होती.

"तुमी देवगावच्या सुमनअक्काचे भाऊ न्हवं? लग्नात बगितलं व्हतं तुमाला. मी तिच्या जावंची बहीण."

उमेश "हो" म्हणेपर्यंत तिने फोन लावला होता. आम्ही चौघं पुतळ्यासारखे उभे, आणि फोनमधून अक्काचा आवाज देवळाच्या आवारात घुमला.

"उम्या! वेरूळपत्तुर आलास आन् माझ्या दारात नाय? बहीण मेली का तुझी?"

दीड तासात आम्ही देवगाव रंगारीत अक्काच्या ओट्यावर होतो.

अक्का रागावली, रडली, मुलांचे गाल ओढले आणि चुलीवर भाकरी थापायला बसली, हे सगळं एकाच वेळी. ताटात ज्वारीची भाकरी, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची येसर आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. जेवणानंतर तिने तबक काढलं. तुळशीचं लग्न व्हायचं होतं, तोवर भाऊबीज चालते. "फोनवर व्हय रं भाऊबीज?" म्हणत तिने पाट मांडला. उमेश टोपी घालून पाटावर बसला. अक्काने कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजन उचललं.

तेवढ्यात चिनूने जाहीर केलं, "आत्या, आम्ही इकडे राहायला येणार. पण ताई हो म्हणाली तरच. ताई ठरवणार आहे."

निरांजन हवेतच थांबलं.

"काय रं उम्या? काय म्हणतंय हे पोरगं?"

उमेशने पाटावर बसल्या बसल्या सगळं सांगितलं. अक्काचा चेहरा फुलला, तो काही तिला लपवता आला नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता ही गार्गीला मांडीवर घेणार आणि हो म्हणवून सोडणार. गार्गी भिंतीला पाठ लावून उभी होती. अक्काने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग ओवाळणं पुरं केलं, तबक खाली ठेवलं आणि भावाकडे वळली.

"आन् तुमी दोघं कशाला हायत मंग? दहा वर्साच्या लेकराच्या डोस्क्यावर एवढं वझं? हितं आलात आन् नाय जमलं, तर तिच्यामुळं. नाय आलात आन् बाप हिरमुसला, तर ते बी तिच्यामुळं. तिनं जावं कुठं?"

उमेशने टोपी काढून हातात घेतली.

"माझं लगीन ठरवताना मला कुणी इच्यारलं नाय. ते चुकलंच. पण तुमी हिला नुसतं इच्यारलं नाय, समदं तिच्यावरच टाकलं." मग ती गार्गीला म्हणाली, "जा माय, आतल्या खोलीत कापूस हाय. पाय धू आन् उड्या मार."

शेतातून वेचून आणलेला कापूस विकायला जाईपर्यंत तिकडे घरातच रचतात. अक्काची आतली खोली खिडकीपर्यंत भरली होती. आधी चिनू पडला, मग गार्गी. थोड्या वेळाने आतून तिच्या हसण्याचा आवाज आला, तोही मोठ्याने. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चिंचवड सोडल्यापासून हा आवाज मी ऐकलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं. सगळ्या सहलीत ती "छान आहे" म्हणत होती, कारण दुसरं काहीही म्हटलं की बाबाचं तोंड उतरणार होतं.

संध्याकाळी मी आणि उमेश बांधावरून चालत गेलो.

"मला यायचं नाहीये," मी म्हटलं. "ती नाही म्हणेल म्हणून मी गप्प होते."

"मला माहितीय. म्हणून तर मी तिला विचारलं. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, अन् मी ऐकलं असतं."

मग आम्ही भांडलो. चांगले भांडलो, विहिरीपर्यंत आणि परत. घर, शाळा, माझी आई, त्याचं काम, पुण्यात त्याने न बोललेली भाषा, सगळं निघालं. महिनाभर आम्ही जे एका मुलीच्या तोंडून वदवून घेणार होतो, ते अखेर एकमेकांना सांगितलं. परत येईपर्यंत काही ठरलं नव्हतं, पण बोलणं सुरू झालं होतं.

बुधवारी वेरूळ उघडं होतं आणि अक्का आमच्याबरोबर आली. एवढी वर्षं इतक्या जवळ राहून तिने कैलास पाहिलं नव्हतं. मुलांना घेऊन गेलात तर आधी कैलासच बघा, त्यांचे पाय ताजे असतात तेव्हाच. एवढाल्या दगडी हत्तींसमोर चिनू गप्प झाला, यातच सगळं आलं. अक्काने पदर डोक्यावर घेतला आणि वर बघत राहिली. "हे समदं एका दगडात? वरून खाली?" तिने तीनदा विचारलं. मग ती चक्क रुसली, "मला कुणीच कसं सांगितलं नाय?"

गार्गीने तिचा हात धरला होता. "आत्या, कोरताना चुकलं तर? परत दगड लावता येत नाही."

"चुकलं तर चुकलं. फुडचा नीट फोडायचा."

त्या दिवशी उमेशने गार्गीला काही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणूनच की काय, तिने आपणहून सांगितलं की अंधारी भयंकर होती, नान वातड होती आणि कापूस बेस्ट होता.

घरी येऊन आता काही दिवस झाले. बॅगांतून अजून सरकी निघतेय. मला कोणी विचारलं, मुलांना घेऊन संभाजीनगरला जावं का, तर मी म्हणेन, जरूर जा. निवांत चार दिवस काढा, सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं हे लक्षात ठेवा, आणि तिकडच्या माणसाने "आमचं घरचं" म्हटलं तरी बोर्ड वाचा. शहर गर्दीचं आहे, रिक्षावाले अंगावर येतात, उन्हाळ्यात पाण्याचे हाल होतात असं सगळेच सांगतात. पण मुलांना हात लावायला, चढायला, घाबरायला इतकं काही तिथे आहे की दोन खेपांतही संपणार नाही.

आणि आमचं म्हणाल, तर मी आणि उमेश शनिवारपर्यंत बोलत राहिलो. शेवटी "हो" म्हटलं. अगदी आनंदाने नाही, पण माझ्या स्वतःच्या तोंडाने म्हटलं. उमेश आधी जाणार, आम्ही शाळेचं वर्ष संपलं की. रविवारी दुपारी आम्ही दोघांनी गार्गीला समोर बसवलं.

"आपण जातोय," मी म्हटलं. "मी आणि बाबाने ठरवलंय. तुझ्यावर सोडायला नको होतं, ते चुकलं आमचं."

"म्हणजे मी ठरवायचं नाही?"

"नाही."

"मी नाही म्हटलं तरी जायचं?"

"तरी जायचं. तू चिडलीस तरी चालेल."

तिने आळीपाळीने आमच्या दोघांकडे पाहिलं. खात्री करून घेत असावी.

"मग मला नाही जायचं," ती म्हणाली, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू फुटलं. उमेशच्याच शर्टात तोंड खुपसून ती "मला नाही जायचं, मला नाही जायचं" म्हणत हमसून हमसून रडली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत "व्हय बाळा, व्हय" म्हणत राहिला. त्याच्या शर्टाची बाही पार भिजली.

मग तिने तोंड धुतलं, नाक पुसलं आणि विचारलं, "मी खाली खेळायला जाऊ?" जा म्हटल्यावर ती दोन दोन पायऱ्या गाळत धडाधडा जिना उतरली. एरवी मी वरून ओरडते. त्या दिवशी ओरडले नाही.